शिळं उत्तर

शेट्यांच्या गॅलरीतून आरोग्यधाम दवाखाना दिसत असे. मधे परस, फणसाची दोन झाडं आणि डांबरी रस्ता, एवढंच अंतर. दवाखान्याच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींवरचे डागसुद्धा ओळखू यावेत इतका तो जवळ होता. आणि तरी त्या दिवशी सकाळी आईंच्या उशाशी ठेवलेलं श्वासयंत्र पुन्हा पुन्हा सांगत होतं, "दवाखाना सापडत नाही."

जयवंत शेट्ये हातातला चहा ओट्यावर ठेवून खोलीत आले. आई म्हणजे त्यांच्या सासूबाई, शैलजा खातू. त्या पलंगाला टेकून बसल्या होत्या. नाकावरची नळी सरळ करत त्यांनी जावयाकडे पाहिलं.

"याला म्हणावं, खिडकीतून बघ," त्या म्हणाल्या.

यंत्रानं शिट्टी सुरू केली. दवाखान्यातली नर्स रस्ता ओलांडून आली, तिनं कळ दाबून यंत्र हातचालीवर टाकलं, आईंच्या बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला आणि जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "काका, ही दुसरी वेळ. तिसऱ्यांदा शिट्टी झाली तर यंत्र घरी ठेवता येणार नाही. नियम आहे."

नियमाचा अर्थ जयवंतांना ठाऊक होता. आईंची फुप्फुसं थकली होती. यंत्र त्यांच्या प्रत्येक श्वासावर लक्ष ठेवायचं आणि किती दाब द्यायचा हे दवाखान्यातल्या मोठ्या संगणकाला सारखं विचारत राहायचं. त्या संगणकाशी गाठ पडली नाही की ते ठरावीक मंद दाबावर यायचं आणि शिट्टी मारायचं. असं वारंवार झालं तर हे घर यंत्राच्या लायकीचं नाही असं ठरणार, आणि आईंना पुण्याला मुलाकडे जावं लागणार.

दवाखाना डोळ्यांसमोर असून सापडत का नाही, याचं कारण लांज्यात बहुतेकांना आता माहीत झालं होतं. इंटरनेटवर एक यंत्र दुसऱ्याला नावानं ओळखतं, पण गाठतं ते आकड्यांच्या पत्त्यावर. नाव सांगितलं की पत्ता देणारी जी व्यवस्था आहे तिला डीएनएस म्हणतात. पूर्वी हे पत्ते वर्षानुवर्षं तेच असत. मग चोरट्या प्रोग्रामांनी दवाखाने, बँका, वीजकेंद्रं वेठीला धरायला सुरुवात केली, आणि त्यावर तोड म्हणून फिरते पत्ते आले. प्रत्येक यंत्राचा पत्ता घटकेघटकेला बदलायचा. चोर दाराशी पोचेपर्यंत दार दुसरीकडे गेलेलं. चोऱ्या थांबल्या, पण कुणाचा पत्ता लक्षात ठेवून काही उपयोग राहिला नाही. दर वेळी मुंबईच्या नामकेंद्राला विचारायचं. लांज्यातल्या यंत्राला रस्त्यापलीकडचा दवाखाना हवा असला तरी त्याचा प्रश्न आधी आंबा घाट चढायचा, कोल्हापूरमार्गे मुंबईला जायचा आणि उत्तर घेऊन परत यायचा.

आंबा घाटात बोगद्याचं काम चालू होतं. खोदणाऱ्यांच्या हातून केबल तुटायची. घरापासून दवाखान्यापर्यंतची वेगळी तार शाबूत असायची, फक्त पत्ता सांगणारा कुणी उरायचा नाही.

दुपारी पुण्याहून तुषारचा फोन आला. तुषार म्हणजे आईंचा धाकटा मुलगा, जयवंतांचा मेहुणा.

"भावोजी, मला दवाखान्यातून कळलं. मी शनिवारी येतोय. त्यांच्या तपासणीसबाईंना पण बोलावलंय. बाहेरची लाइन तासभर बंद करून बघणार आहेत घर टिकतं का. नाही टिकलं तर मी आईला घेऊन जातो."

"तिला पुणं आवडत नाही."

"तिला काय आवडतं ते मला पण माहीत आहे. ताई होती तोवर मी एक शब्द बोललो का? आता तुमच्यावर हा भार कशाला?"

"भार कुठाय," जयवंत म्हणाले. राहू दे म्हणायला त्यांचा हक्क काय होता? ती तुषारची आई होती. त्यांची कोण होती, ते वृषाली असताना सांगता येत होतं.

वृषाली जाऊन चार महिने झाले होते. टेलिफोन खात्यात ती इंजिनिअर होती. जयवंतांचं बाजारपेठेत रंगाचं दुकान. लग्न झालं तेव्हा शैलजाबाई लेकीकडे पाणीसुद्धा पीत नसत. जुनी रीत. पुढे वैधव्य आलं, मग हा दम्याचा त्रास, आणि वृषालीनं त्यांना हात धरून इथं आणलं. तेव्हा त्या गल्लीत सगळ्यांना सांगत, "मी लेकीकडे असते." अजूनही तेच सांगत. परवाच शेजारच्या पाथरेबाईंनी विचारलं होतं, आता तुम्ही कुणाकडे असता म्हणायचं? आई म्हणाल्या, "लेकीकडेच." जयवंत तेव्हा जिन्यात होते. ते दोन पायऱ्या परत खाली उतरले आणि पाय वाजवत वर आले.

फोन संपल्यावर आई आतून म्हणाल्या, "शनिवारी येतोय ना? ऐकलं मी. तुम्ही घोर लावून घेऊ नका, जावईबापू. जायचं तर जाईन."

"जायचंय का तुम्हाला?"

"मला कोण विचारतंय. यंत्राला विचारा."

जयवंतांनी रत्नागिरीला फरीदा मुकादमना फोन लावला. फरीदा आणि वृषाली टेलिफोन खात्यात एकाच टेबलाशी वीस वर्षं बसल्या होत्या. फरीदांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ती काळी डबी चालू आहे ना?"

"कुठली काळी डबी?"

"हॉलमध्ये, कोपऱ्यात. वृषूची. साबणाच्या वडीएवढी. हिरवा दिवा लुकलुकतो."

जयवंतांनी मान वळवून कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं आता वृषालीचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला, आणि फोटोपुढे विजेची समई. समईला प्लग हवा होता, म्हणून दहाव्याच्या आदल्या दिवशी कुणीतरी तिथली एक काळी डबी काढून ठेवली होती. कुणीतरी म्हणजे त्यांनीच.

"तिथं समई लावली," ते म्हणाले.

पलीकडून फरीदा म्हणाल्या, "डबी शोधून ठेवा. सकाळच्या एसटीनं येते."

डबी माळ्यावर सापडली, पण कोकणच्या दमट हवेनं आतलं कार्ड खाल्लं होतं. सकाळी आलेल्या फरीदांनी ते नखानं खरवडून पाहिलं आणि बाजूला ठेवलं.

"गेलं. यात तिनं काय काय लिहिलं होतं ते आता कुणाला कळायचं नाही. आपण नव्यानं करू. तिचा जुना संगणक आहे ना? तो लिनक्सवाला? त्याच्यावर करू, आता तीच आपली डबी. आणि मी नाही करणार, तुम्ही करायचं. मी रत्नागिरीला असते, उद्या बिघडलं तर तुम्हालाच हात घालायचाय."

"मला त्यातलं ओ का ठो कळत नाही."

"दुकानात गिऱ्हाईक येतं. म्हणतं, मोगरा पांढरा द्या. तुम्ही काय करता?"

"मिक्सरमध्ये त्याचे आकडे घालतो. किती पिवळा, किती काळा."

"आकडे कुठनं आणता?"

"कंपनीला विचारायचे असतात. पण रोज जाणाऱ्या शेडचे मला पाठच असतात. विचारत कोण बसतंय."

"झालं तर. ती डबी म्हणजे तुम्ही. घरातलं कुणीही नाव विचारलं की आधी डबी बघते, मला पाठ आहे का? असलं तर तिथल्या तिथं सांगते. नसलं तरच मुंबईला विचारते आणि आलेलं उत्तर जपून ठेवते. याला कॅशे म्हणतात."

जयवंतांना हे पटलं, पण एक शंका आली. "कंपनीनं शेड बदलली तर? मी जुनेच आकडे घालत राहीन."

फरीदा हसल्या. "हाच प्रश्न सगळ्या जगानं विचारला आणि घरोघरचे कॅशे बंद पडले. फिरत्या पत्त्यांमुळे प्रत्येक उत्तरावर मुदत असते, जेमतेम एका मिनिटाची. मुदत संपली की उत्तर शिळं. शिळं वापरायचं नाही असा नियम. मग जपून ठेवून करायचं काय? आम्ही सगळे असंच म्हणायचो. वृषू म्हणाली, थांबा. केबल तुटली की आपल्याला नवा पत्ता मिळत नाही, बरोबर? पण दवाखाना पण लांज्यातच आहे. त्याला पण मुंबई दिसत नाही. मग त्याला तरी नवा पत्ता कोण देणार? तो जुन्याच पत्त्यावर बसून राहणार. म्हणजे केबल तुटायच्या आधी मिळालेलं शेवटचं उत्तर शिळं दिसलं तरी खरंच असतं."

जयवंतांनी मनात ते सगळं पुन्हा जुळवून पाहिलं. इतकी साधी गोष्ट. ती एवढ्या लोकांच्या ध्यानात येऊ नये, आणि इथं भाजी निवडता निवडता त्यांच्या बायकोच्या ध्यानात यावी. तिनं त्यांना सांगितलं असेलही. दुकानाच्या नादात त्यांनी हं म्हटलं असेल.

"म्हणून ती डबी काय करायची," फरीदा पुढे म्हणाल्या, "लाइन चालू असताना कुणी विचारो न विचारो, दवाखान्याचा पत्ता सारखा ताजा करून ठेवायची. आणि मुंबई गप्प झाली की जवळचं शेवटचं उत्तर द्यायची."

"नेहमीच जवळचं का नाही द्यायचं?" जयवंतांनी विचारलं. "तेवढाच मुंबईचा हेलपाटा वाचेल."

उत्तर आतल्या खोलीतून आलं. "शिळी भाकरी घरच्या माणसानं खावी, आणि ती पण ताजी नसली तर. चूल पेटलेली असताना शिळं वाढणाऱ्या बाईला काय म्हणाल?"

फरीदांनी डोळे मोठे केले. "आई, हाच नियम. अगदी हाच. तुमच्या लेकीनं तुमच्याकडनंच घेतला असणार."

"माझ्या लेकीनं आयुष्यात भाकरी नीट थापली नाही," आई म्हणाल्या.

दिवसभर काम चाललं. वरवर सोपं वाटणारं काम घरातल्या यंत्रांनी अवघड केलं, कारण त्यांत मेळ असा नव्हताच. वृषालीचा लिनक्सचा संगणक, जयवंतांचा दुकानाच्या हिशेबाचा विंडोज लॅपटॉप, दोन कंपन्यांचे दोन फोन, टीव्ही, विहिरीच्या पंपाचा स्वयंचलित बटनवाला डबा, दाराची घंटा आणि आईंचं श्वासयंत्र. लॅपटॉप शहाण्यासारखा वागला. राउटरनं सांगितलं की यापुढे नाव या संगणकाला विचार, आणि त्यानं ऐकलं. टीव्हीनं ऐकल्यासारखं केलं आणि बंद करून चालू केल्यावर विसरला. फोन म्हणाले, आम्ही आमच्या कंपनीलाच विचारतो, तेही कुलूपबंद पाकिटातून. त्यांची ती सोय हातानं बंद करावी लागली. पंपाचा डबा फक्त जुन्या भाषेत बोलायचा.

सगळ्यांत हट्टी श्वासयंत्र. ते राउटरला जुमानायचंच नाही. जन्मतःच त्याच्या पोटात नामकेंद्राचा पत्ता कोरलेला होता आणि ते थेट तिकडेच धावायचं.

"हा परभारे जाणारा पाहुणा," फरीदा म्हणाल्या. "याला सांगून उपयोग नाही. हा अंगणातच गाठायचा. राउटरला सांगा, नामकेंद्राकडे जाणारा कुठलाही प्रश्न बाहेर सोडू नको. हाताला धर आणि आपल्या डबीकडे आण."

"म्हणजे फसवायचं त्याला?"

"फसवायचं कशाला? मुंबईला जाऊन जे उत्तर मिळणार तेच त्याला इथं मिळणार. दवाखान्यानं कागदावर परवानगी दिलेली आहे, वृषूनं मागितली होती. त्यांच्या फाइलीत असेल."

जयवंतांनी स्वतःच्या बोटांनी ती ओळ लिहिली. फरीदा पाठीमागे उभ्या राहून फक्त चुका दाखवत होत्या. उन्हं कलायच्या सुमारास बाहेरून येणारी केबल काढून बघायची वेळ आली. जयवंतांनी ती उपटली, दवाखान्याकडची तार तशीच ठेवली. आईंच्या खोलीत दोघं जाऊन उभे राहिले. यंत्र थबकलं. मग त्याच्या पडद्यावर दवाखान्याची खूण उमटली. शिट्टी झाली नाही.

"सापडला," जयवंत म्हणाले. आवाज त्यांना अपेक्षेपेक्षा मोठा आला.

पण यंत्राचं समाधान झालं नव्हतं. मुदत संपलेल्या उत्तरावर ते एकदम विश्वास ठेवत नसे. "दवाखान्याची जुनी ओळख मिळाली आहे," ते बोललं. "खात्रीसाठी पेशंटनं पूर्ण नाव सांगावं."

"शैलजा खातू," आई म्हणाल्या.

"पूर्ण नाव सांगावं."

"शैलजा... यांचं... खातू."

"या नावाची नोंद सापडत नाही. पूर्ण नाव सांगावं."

"आई, मधलं नाव राहिलं," फरीदा म्हणाल्या.

"ते मी घेत नाही."

जयवंतांच्या लक्षात आलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. नवऱ्याचं नाव दत्ताराम. शैलजाबाईंनी ते कधी तोंडानं उच्चारलं नव्हतं, आणि त्याच्याशी जुळणारं दुसरं काही उच्चारायचीही त्यांची तयारी नसे. दत्तजयंतीला त्या मार्गशीर्षातली पौर्णिमा म्हणत. कोपऱ्यावरचा दत्तू रिक्षावाला त्यांच्या तोंडी 'तो पिवळ्या रिक्षाचा' होता.

"शैलजा दत्ताराम खातू," जयवंत यंत्राकडे झुकून स्पष्ट म्हणाले.

"हा पेशंटचा आवाज नाही."

"उखाणा घ्या, आई," फरीदांनी सुचवलं. "उखाण्यात चालतं ना? छान दोन ओळी जुळवू. त्याला काय, नाव ऐकू आल्याशी कारण."

"उखाणा चार बायकांत घेतात. हे यंत्र काय माझी नणंद आहे, मला दारात अडवायला?"

यंत्रानं शिट्टी सुरू केली. जयवंतांनी धावत जाऊन केबल परत जोडली. नशिबानं घाटातली लाइन चालू होती, म्हणून ही शिट्टी दवाखान्यापर्यंत जायच्या आत मिटली.

"एका शब्दासाठी पुण्याला जायचं का, आई?" जयवंत म्हणाले. सासूबाईंशी बोलताना पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा चढला होता.

आईंनी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. "वृषू असताना हे मला असं छळत नव्हतं," त्या म्हणाल्या. "केबल तेव्हा पण तुटायची. हे विचारायचं, मी एवढंच सांगायचे, शैलजा खातू. आणि ते गप बसायचं."

"एवढंच? मधलं नाव न घेता?"

"मग काय घेऊन?"

जयवंत आणि फरीदा एकमेकांकडे पाहत राहिले. मग फरीदा खुर्चीत बसल्या आणि हसू लागल्या. हसता हसता त्यांनी ओढणीनं डोळे पुसले, तरी हसणं थांबेना.

"टोपणनाव," त्या म्हणाल्या. "जयवंतभाऊ, तिनं टोपणनाव लिहिलं असणार. डीएनएसमध्ये सोय असते. एखाद्या नावापुढे लिहून ठेवायचं की हे त्या अमक्याचंच दुसरं नाव आहे. मोठमोठ्या कंपन्या वापरतात. यंत्र बोललेलं नाव घेऊन पेशंटची नोंद शोधायला निघतं, तो पण नावाचाच प्रश्न. डबी सांगते, शैलजा खातू म्हणजे शैलजा दत्ताराम खातू. आवाज तर पेशंटचाच आहे. झालं काम. आणि हे फक्त या खोलीतल्या यंत्रानं विचारलं तरच, दुसऱ्या कुणाला नाही. तशी पण सोय असते. विचारणारा कोण ते बघून उत्तर द्यायचं."

"मला कधी बोलली नाही," जयवंत म्हणाले.

"मला पण नाही. काय सांगणार? आईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणून मी खात्याचं ज्ञान वापरलं?"

आई पांघरुणाची कड सरळ करत होत्या. "मी तिला एकदा म्हटलं होतं, ते नाव घेण्यापेक्षा मी श्वास घेणार नाही. ती म्हणाली, बघते. माझ्याशी वाद नाही घातला. नाहीतर एरवी प्रत्येक गोष्टीत वाद."

जयवंत संगणकापुढे जाऊन बसले. ती ओळ लिहायला फार वेळ लागला नसता, पण त्यांनी लागू दिला. इतकी वर्षं एका छपराखाली राहून त्यांना आपली बायको हुशार आहे हे ठाऊक होतं. हुशारी म्हणजे पगार, बढती, ऑफिसातला मान, असं काहीतरी ते समजत आले होते. सासूबाईंना त्यांनी स्वतः कितीदा समजावलं असतं, काळ बदलला, आता घ्या नाव. वृषालीनं आईला जशी होती तशी राहू दिलं आणि सगळ्या जगाच्या पत्त्यांची व्यवस्था तिच्यापुढे थोडी वाकवली. आणि जेवायला वाढताना त्याचा शब्द काढला नाही. अजून काय काय करून ठेवलं होतंस, हे विचारायला आता समोर कुणी नव्हतं. त्यांनी ओळ लिहिली, तपासली, पुन्हा तपासली.

फरीदा शेवटच्या एसटीच्या आधी निघाल्या. जाताना त्यांनी आईंच्या हातावर हात ठेवला. "काही लागलं तर फोन करा."

"नाव काय सांगू यंत्राला? फरीदा की मुकादमबाई?"

"काही पण सांगा. जयवंतभाऊ लिहून ठेवतील."

शनिवारी तुषार आला, सकाळीच. आईच्या पाया पडला, ताईच्या फोटोपुढे थोडा वेळ उभा राहिला. त्याच्या मागोमाग दवाखान्याच्या तपासणीस घवाळीबाई हातात टॅब घेऊन आल्या. बाई चाळिशीच्या आतल्या, कामाला चोख. दवाखान्याची मुंबईकडची लाइनही त्यांनी तेवढा तासभर बंद ठेवायला सांगितली होती. इथली बाहेरची केबल त्यांनी स्वतः काढली आणि घड्याळ लावलं.

यंत्र थबकलं, दवाखाना सापडला, नाव विचारलं. आईंनी आपलं दोन शब्दांचं नाव सांगितलं आणि यंत्र गप्प झालं. घवाळीबाईंनी भुवई उचलली.

"मधलं नाव नाही घेतलं."

"टोपणनाव आहे," जयवंतांनी सांगितलं, आणि शक्य तितक्या कमी शब्दांत सगळं समजावलं. घवाळीबाईंनी यंत्राची आतली नोंद उघडून पाहिली. नोंद बरोबर पेशंटची निघाली होती. "माझ्या सासूबाईंना सांगायला हवं," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि टॅबवर खूण केली.

तास शांतपणे गेला. तुषारनं टीव्ही लावून पाहिला, फोन पाहिले, पंपाचा डबा उघडून पाहिला. तो याच धंद्यातला, पण मोठ्या कंपन्यांत काम करणारा. "भावोजी, हे तुम्ही केलंत? एवढ्या वेगवेगळ्या डब्यांना एका दावणीला बांधलंत? आमच्याकडे याला चार माणसं लागतात."

"तुझ्या ताईनं केलं होतं. मी परत केलं."

"आता शेवटची चाचणी," घवाळीबाई म्हणाल्या. "पेशंटला त्रास झाला तर घरातल्या माणसाला यंत्रातून हाक मारता आली पाहिजे. आजी, मारा हाक."

"जावईबापूंना बोलवा," आई यंत्राला म्हणाल्या.

"ही व्यक्ती सापडत नाही," यंत्र म्हणालं.

घवाळीबाईंनी टॅबवर बोट फिरवलं. त्यांचा आवाज जरा खाली आला. "सोबतीची व्यक्ती म्हणून मुलगी आहे इथं. वृषाली शेट्ये. ती नोंद बंद झाली आहे. जावई हे नातं मुलीच्या नोंदीवर चालतं. ती बंद, म्हणजे हे पण बंद."

जयवंत खिडकीकडे पाहत होते. पत्ता, टोपणनाव, पंपाचा डबा, सगळं त्यांनी सांभाळलं होतं. हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"मुलगा चालतो," घवाळीबाई म्हणाल्या. "तुषार खातूंचं नाव घालू का? पण मग राहतं घर त्यांचं लागेल."

तुषारनं आईकडे पाहिलं. "आई?"

"माझं ऐका," आई म्हणाल्या. त्यांना दम लागला होता, पण त्या थांबत थांबत बोलल्या. "बाई, तुमच्या मुंबईत माझे जावई बंद झाले असतील. पण आत्ता मुंबई आहे कुठे? तार तर तुम्हीच काढलीत. आत्ता नाव विचारलं की उत्तर कोण देतंय?"

घवाळीबाईंनी जरा विचार केला. "हे घर देतंय."

"मग घराला माहीत आहे की." त्या जयवंतांकडे वळल्या. "तुमच्या त्या डबीत घाला. जावईबापू म्हणजे कोण ते."

जयवंत उठले. हॉलमध्ये संगणकापुढे त्यांना फक्त एक ओळ लिहायची होती: आईंच्या खोलीतून हे नाव आलं तर माझ्या फोनचा पत्ता दे. मुदतीच्या रकान्यापाशी ते थांबले. कॅशेतल्या उत्तराला मुदत असते. घरानं स्वतः लिहिलेल्या उत्तराला ती आपण ठरवायची. त्यांनी त्या रकान्यात मावेल तेवढा मोठा आकडा भरला आणि परत आले.

"मारा हाक."

"जावईबापूंना बोलवा," आई म्हणाल्या.

जयवंतांच्या खिशातला फोन वाजला.

घवाळीबाईंनी टॅबवर शेवटची खूण केली. "नियमात घरातली व्यक्ती सापडली पाहिजे असं लिहिलंय. सापडली. मुंबईच्या नोंदीचं मी दवाखान्यातून पत्र पाठवून दुरुस्त करून घेते. यंत्र इथंच राहील."

तुषार पलंगाच्या कडेवर बसला. "मग आई, पुण्याचं?"

"दिवाळीत येईन की. चार दिवस पाहुणी म्हणून. तुझ्या बायकोला सांग, माझ्यासाठी वेगळं काही करू नको."

फोन अजून वाजतच होता. जयवंत तो हातात धरून आईंच्या समोर उभे होते, जेमतेम दोन हातांच्या अंतरावर.

"उचला तो," आई म्हणाल्या.

त्यांनी उचलून कानाला लावला. "बोला, आई."

"चहा टाका," आई यंत्रात म्हणाल्या. "पाहुण्या बाईंना साखर घालून. तुषारला कमी, त्याचं पोट सुटलंय."

जयवंत स्वयंपाकघरात गेले. फोन त्यांनी बंद केला नाही, शर्टाच्या खिशात तसाच टाकला. पातेलं ठेवलं, गॅस पेटवला.

"आलं खालच्या टोपलीत आहे," आई सांगत होत्या, आतल्या खोलीतून आणि त्यांच्या खिशातूनही. "ठेचून घाला. मागच्या वेळी किसलं होतंत, ते दातात येतं."

"हो," जयवंत म्हणाले आणि आलं शोधायला वाकले.